मोबाईलवरून कविता-कथा मासिकाला किंवा स्पर्धेला कशी पाठवायची?

आज कुठल्या अ‍ॅपचा रिव्ह्यू नाही की नव्या फोनची तुलना नाही. मी वारणानगरला राहतो. दिवसा कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम आणि रात्री थोडंफार लेखन. त्यामुळे कॉलेजातली पोरं-पोरी भेटली की एक प्रश्न हमखास येतो, "दादा, कविता छापून आणायची तर कुठं पाठवायची? आणि कशी?" यातल्या 'कुठं'चं उत्तर बऱ्याच जणांना माहीत असतं. गाडी अडते ती 'कशी'वर. कारण आता हातात वही नसते, फोन असतो. फोनवर लिहिलेली कविता संपादकाच्या टेबलापर्यंत आणि तिथून छापखान्यापर्यंत जाताना वाटेत काय काय होतं, हे कुणी सांगत नाही.

आधी माझीच फजिती सांगतो. एफवायला असताना मी पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरावर कविता लिहिली. तीत 'दऱ्या' हा शब्द तीन वेळा होता. फोनवरच टाईप केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून एका दिवाळी अंकाला पाठवून दिली. अंक आला. वडिलांनी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवरून दोन प्रती आणल्या, एक घरात आणि एक पाव्हण्यांत फिरवायला. कविता छापली होती, नावही बरोबर होतं. पण तिन्ही ठिकाणी 'दऱ्या'चं 'दर्या' झालेलं. डोंगरावरची कविता समुद्रावर गेली! मामा म्हणाले, "कोकणात कधी गेलतास रं?" मी छापणाऱ्यावर चिडलो, आणि मग जुना मेसेज उघडून बघितला. मी पाठवलेल्या मजकुरातच 'दर्या' होतं. कीबोर्डनं सुचवलेला शब्द न बघता निवडला होता मी. चूक सगळी माझी.

फोनमधलं मराठी छापखान्यात का बिघडतं?

यामागची तांत्रिक बाजू समजून घ्या, पुढं फार उपयोगी पडते.

आपला फोन युनिकोडमध्ये लिहितो. म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. 'क' तुमच्या फोनवर, माझ्या लॅपटॉपवर आणि अमेरिकेतल्या चुलत भावाच्या टॅबवर 'क'च राहतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपीचं काम श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या पॅकेजवर चालायचं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. फॉन्ट बदलला की मजकुराचा भाजीपाला व्हायचा. अजूनही काही छापखान्यांत अंकाची पानं पेजमेकरवर लावतात. त्या सॉफ्टवेअरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ सालची आहे आणि तिला युनिकोड मराठी कळत नाही. मग ऑपरेटर काय करतो? तुमचा मजकूर एका कन्व्हर्टरमधून काढून जुन्या फॉन्टमध्ये आणतो. बहुतेक अक्षरं नीट येतात, पण काही ठरावीक जागी घोळ होतो.

पहिली जागा म्हणजे हा ऱ. युनिकोडमध्ये 'र' वेगळा आणि 'ऱ' वेगळा, दोघांचे क्रमांक वेगळे. 'र'चा पाय मोडून 'य' जोडला की रफार होतो, 'दर्या', 'आचार्यांना'. 'ऱ'चा पाय मोडून 'य' जोडला की 'दऱ्या', 'आचाऱ्यांना'. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगराची घळ. एकात गुरुजी, दुसऱ्यात जेवण करणारा आचारी. पायऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, गोऱ्हा, असे शब्द ग्रामीण लेखनात पदोपदी येतात. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरत असाल तर सुचवलेल्या पट्टीतून शब्द डोळे उघडे ठेवून निवडा.

दुसरी जागा विसर्गाची. 'दुःख' लिहिताना बरेच जण विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन टाकतात. दिसायला सारखंच दिसतं. पण कोलन हे विरामचिन्ह आहे, त्यामुळे ओळ नेमकी तिथं संपली की सॉफ्टवेअर शब्द तिथंच तोडू शकतं. तिसरी जागा 'ॲ' आणि 'ऑ'ची, म्हणजे बॅट, ॲसिड, ऑफिस. चौथी म्हणजे इमोजी. कवितेत इमोजी टाकू नका हे मी रसिक म्हणून सांगत नाही, तांत्रिक कारणानं सांगतोय. छापताना तिथं चौकोन येतो नाहीतर रिकामी जागा.

कविता पाठवताना मी आता शेवटी एक ओळ जोडतो: "कृपया 'दऱ्या', 'पायऱ्या', 'दुःख' हे शब्द छपाईपूर्वी तपासावेत." एकाही संपादकाला याचा राग आलेला नाही. उलट एकानं फोन करून विचारलं, की तुम्ही डीटीपी करता का!

लिहायचं कशात?

माझं मत विचाराल तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाही आणि फोनच्या नोट्समध्येही नाही. गुगल डॉक्समध्ये लिहा. फुकट आहे, नेट नसताना चालतं (डॉक ऑफलाईन ठेवा), आणि वर्डची म्हणजे डॉकएक्स फाईल काढून देतं. वरच्या तीन टिंबांवर जा, 'शेअर अँड एक्स्पोर्ट' निवडा, मग 'सेव्ह अ‍ॅज' करून वर्ड निवडा. त्याच ठिकाणी पीडीएफही मिळते.

आणखी एक फायदा आहे, तो मला उशिरा कळला. डॉक्स प्रत्येक बदलाची तारीख ठेवतं. उद्या कुणी तुमची कथा स्वतःच्या नावावर खपवली, तर कॉम्प्युटरवर डॉक उघडून 'व्हर्जन हिस्ट्री'मध्ये पहिला खर्डा कधी लिहिला, कोणती ओळ कधी खोडली, सगळं दाखवता येतं. फोटो काढलेल्या वहीपेक्षा हा पुरावा बळकट.

बोलून टाईप करायची सोय मी कथेच्या पहिल्या खर्ड्याला वापरतो. ट्रॅक्टरच्या रांगेत उभा असताना एक प्रसंग सुचला तर तिथंच बोलून टाकायचा. पण इथं आपल्या भागातल्या पोरांना एक धोका आहे, नीट ऐका. मी बोलतो "न्हाई", फोन लिहितो "नाही". मी बोलतो "व्हय", फोन 'होय' करून ठेवतो. आपली बोली तो परस्पर पुण्याची करून टाकतो. टाईप करतानाही ऑटोकरेक्ट हेच करतं. मग कथेतला ऊसतोड मुकादम टीव्हीवरच्या निवेदकासारखा बोलायला लागतो.

शंकर पाटील, कागलचे आनंद यादव, राजन गवस ही सगळी आपल्याच जिल्ह्यातली माणसं. यादवांच्या 'झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, गवसांच्या 'तणकट'ला २००१ चा. अलीकडे २०२१ मध्ये किरण गुरव आणि २०२३ मध्ये 'रिंगाण'साठी कृष्णात खोत, हेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच. इथल्या मातीचं बोलणं लेखनात आणलं म्हणून यांच्या वाटा बंद झाल्या नाहीत. मग ते बोलणं कीबोर्डच्या हातात कशाला द्यायचं? जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'डिक्शनरी', त्यात 'पर्सनल डिक्शनरी', तिथं मराठी निवडा आणि आपले शब्द भरा. माझ्या यादीत सव्वाशेच्या वर शब्द झालेत. ऑटोकरेक्ट बंद केलं तर उत्तमच. संपादकाला पत्रात एवढंच लिहा, "संवादातली बोली मुद्दाम ठेवली आहे, प्रमाण करू नये." प्रुफं तपासणारा माणूस मग हात आखडता घेतो.

फाईल कशी असावी

वर्डची फाईल आणि पीडीएफ, दोन्ही पाठवा. वर्ड छपाईसाठी. पीडीएफ यासाठी, की वर्डमध्ये काही हललं तर मूळ कसं होतं ते ऑपरेटरला दिसावं. कवितेचा स्क्रीनशॉट पाठवू नका, फुलापानांच्या बॅकग्राऊंडवर तर अजिबात नको. तो मजकूर कुणाला तरी पुन्हा टाईप करावा लागतो आणि टाईप करणाऱ्याला तुमचा डोंगर माहीत नसतो.

कवितेची मांडणी डावीकडून करा. सगळ्या ओळी मधोमध आणल्या की लग्नपत्रिका दिसते. ओळ आत घ्यायची असेल तर स्पेसबार वाजवत बसू नका. फॉन्ट बदलला की ती मोकळी जागा कमीजास्त होते. कडव्यांमध्ये एक पूर्ण रिकामी ओळ सोडा, आणि लांब ओळ असेल तर खाली लिहा की 'ही एकच ओळ आहे'.

व्हॉट्सअ‍ॅपवरच मागवलं असेल तर काय? बऱ्याच छोट्या अंकांचे संपादक घरून, नोकरी सांभाळून काम करतात. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप सोयीचं पडतं. तिथंही फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. मेसेजमध्ये कविता चिकटवली तर दोन गडबडी होतात. शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकलीत की चांदण्या गायब होऊन शब्द ठळक होतो. आणि ओळीच्या सुरुवातीला डॅश देऊन जागा सोडलीत (कथेतले संवाद आपण असेच लिहितो) की त्याची ठिपक्यांची यादी होते.

गुगल फॉर्म हा स्पर्धांचा लाडका प्रकार. फॉर्ममधली उत्तराची जागा दोन प्रकारची असते, एका ओळीची आणि परिच्छेदाची. एका ओळीच्या जागेत कविता चिकटवली की सगळ्या ओळी एकापुढे एक जोडल्या जातात. सोळा ओळींची कविता एक लांबलचक वाक्य होऊन परीक्षकाकडे जाते! चिकटवल्यावर वर-खाली सरकवून बघा. ओळी मोडल्या असतील तर सबमिट करू नका, आयोजकांना ईमेल करून फाईल स्वीकारता का ते विचारा.

फाईलचं नाव 'कविता १ फायनल नवीन' असं नको. संपादकाकडे अशा पन्नास फाईली असतात. तुमचं नाव, रचनेचं नाव, प्रकार, एवढं पुरे. आणि रचनेच्या पहिल्या पानावर नाव, पिनकोडसह पत्ता आणि फोन लिहा. पत्ता अशासाठी की छापील अंक अजून पोस्टानंच येतो. फक्त स्पर्धेत कधी कधी रचनेवर नाव नको असं लिहिलेलं असतं, तेव्हा नाव वेगळ्या पानावर. आधार कार्डाचा फोटो मात्र कविता पाठवायला कुणालाही लागत नाही.

सोबतचा ईमेल चार ओळींचा असू द्या. मी असा लिहितो:

"सप्रेम नमस्कार. सोबत 'काटा' ही कथा (सुमारे २२०० शब्द) आपल्या अंकासाठी विचारार्थ पाठवत आहे. कथा स्वतंत्र व अप्रकाशित असून अन्यत्र पाठवलेली नाही. वर्ड व पीडीएफ अशा दोन्ही फाईली जोडल्या आहेत. आपला निर्णय कळवावा ही विनंती."

आपण किती वर्षं लिहितो, आईला कविता किती आवडली, हे त्यात नको. परिचय मागितला तर पन्नासेक शब्द.

'अप्रकाशित' म्हणजे नक्की काय?

या मुद्द्यावर मी एक चांगली कथा घालवून बसलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वरच्या नमुन्यातली 'काटा' ही माझी खरी कथा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढं रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याची. मी ती आधी एका कथांच्या अ‍ॅपवर चार भागांत टाकली. शंभर-दीडशे लोकांनी वाचली, बरं वाटलं. सहा महिन्यांनी तीच कथा एका मासिकाला पाठवली. संपादकांचा फोन आला. कथा आवडली होती, शेवटच्या दोन पानांत काय बदलावं तेही त्यांनी सांगितलं. आणि मग विचारलं, "कुठं प्रसिद्ध झालेली नाही ना?" मी खरं ते सांगितलं. दोन मिनिटं शांतता, आणि आठवड्यानं 'साभार परत'. मी अ‍ॅपवरून कथा काढून टाकायला तयार होतो. पण एकदा लोकांपुढं आलेली कथा त्यांच्या नियमात बसत नव्हती.

तर, प्रतिलिपीसारखं अ‍ॅप, ब्लॉग, फेसबुकची सार्वजनिक पोस्ट, इन्स्टाग्राम, यूट्यूबवरचं वाचन, हे सगळं बहुतेक संपादक 'प्रकाशित' धरतात. चार मित्रांच्या ग्रुपवर वाचायला दिलेली कविता सहसा धरत नाहीत, पण ती फॉरवर्ड होत होत कुठं जाईल याचा नेम नाही. लपवायचा मोह होतो, मला माहीत आहे. पण संपादक कथेतली एक ओळ अवतरण चिन्हांत टाकून गुगलवर शोधतो आणि दहा सेकंदांत सगळं समोर येतं.

अ‍ॅपवर लिहू नका असं माझं म्हणणं नाही. तिथं वाचक लगेच मिळतो, मासिकाकडे तीन-चार महिने थांबावं लागतं. फक्त कोणती रचना कुठं जाणार हे आधी ठरवा. माझ्या फोनवर आता दोन फोल्डर आहेत, 'नेटवर' आणि 'अंकासाठी'. एकातलं दुसऱ्यात जात नाही.

मराठीत अजून एक शिस्त आहे, एक रचना एका वेळी एकाच ठिकाणी. इंग्रजीतली कित्येक मासिकं एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवायला परवानगी देतात, फक्त निवड झाल्यावर कळवा म्हणतात. आपल्याकडे तसं केलं आणि दोन दिवाळी अंकांत एकच कविता आली तर पुढच्या वर्षी दोन्ही दारं बंद.

स्पर्धा, फी आणि हक्क

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की फोनवर 'राज्यस्तरीय' स्पर्धांचा पाऊस पडतो. त्यातल्या कितीतरी वाचनालयांच्या, शाळा-कॉलेजांच्या, साहित्यसभांच्या, अगदी चोख असतात. पण काही वेगळ्याच असतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला कविता पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी निवडीचा मेसेज आला. प्रवेश फी नव्हती. मग हळूहळू कळलं, की प्रातिनिधिक संग्रहाच्या दोन प्रती घेणं बंधनकारक, प्रमाणपत्राचे वेगळे, ट्रॉफीचे वेगळे, आणि 'आयएसबीएन नोंदणी शुल्क' म्हणून आणखी पैसे. तिनं पहिला हप्ता यूपीआयनं भरला होता. पुस्तक आलं ते असं, की कवी दीडशे आणि वाचक बहुधा तेच दीडशे.

यातली आयएसबीएनची गोष्ट लक्षात ठेवा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्याला शुल्क लागत नाही. त्यासाठी कवीकडून पैसे मागणारा माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड. आणि आयएसबीएन असणं म्हणजे पुस्तक चांगलं असल्याचा शिक्का नव्हे. तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा असतो.

सगळंच स्वीकारणाऱ्यांची परीक्षा अमेरिकेत लेखकांनी एकदा फार मजेदार घेतली. २००४ मध्ये काही विज्ञानकथा लेखकांनी मिळून 'अटलांटा नाईट्स' नावाची मुद्दाम भिकार कादंबरी लिहिली. एक प्रकरण गायब, दोन प्रकरणं शब्दन्‌शब्द सारखी, एक तर कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं जुळवलेलं. 'आम्ही निवडून घेतो' म्हणणाऱ्या एका प्रकाशनानं ती स्वीकारली! लेखकांनी बिंग फोडल्यावर मग नकार आला. तुम्ही कुणाला असं फसवायला जाऊ नका. पण चोवीस तासांत निवड झाली तर कविता वाचली तरी का, हा प्रश्न जरूर विचारा.

प्रवेश फी घेणारी प्रत्येक स्पर्धा वाईट नसते, शंभर-दोनशे रुपयांत परीक्षकांचा प्रवासखर्च निघतो. मी तीन गोष्टी बघतो. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का. मागच्या वर्षीचे विजेते कोण आणि त्यांना बक्षीस खरंच मिळालं का (विजेत्यांपैकी कुणी ओळखीचं निघतंच, विचारायला लाजू नका). आणि पैसे संस्थेच्या खात्यावर जातात की कुणाच्या खासगी नंबरवर.

चौथी गोष्ट नियमावलीत तळाला असते: "आलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील." विजेत्यांची रचना एकदा छापायचा हक्क मागणं रास्त आहे. पण न जिंकलेल्यांचेही हक्क कायमचे? असं वाक्य दिसलं की मी फॉर्म बंद करतो. कायदा आपल्या बाजूनं आहे, तो थोडा माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचना लिहिली की हक्क आपोआप लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून काहीही सही करण्याआधी 'किती वर्षांसाठी' आणि 'कशासाठी' हे दोन शब्द शोधा. ऑडिओ आणि सिनेमाचे हक्क गुपचूप त्यात घातलेले असू शकतात.

पाठवायचं कुठं?

याची पूर्ण यादी देत नाही, पत्ते आणि ईमेल बदलत राहतात. अंक हातात घेऊन श्रेयनामावलीच्या पानावर बघणं सगळ्यात खात्रीचं. आणि अंक न वाचता त्याला पाठवणं म्हणजे चुलीवर काय शिजतंय ते न बघता मीठ टाकणं.

फक्त कविताच लिहीत असाल तर धुळ्याहून निघणारं 'कवितारती' बघा, पुरुषोत्तम पाटलांनी ते १९८५ मध्ये सुरू केलं. साने गुरुजींचं 'साधना' १९४८ पासून चालू आहे. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं 'किशोर'. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आहेत, आपल्याकडे 'पुढारी'ची 'बहार' घराघरांत येते. आणि दिवाळी अंक तर आहेतच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला काढला, तेव्हापासून ही परंपरा अखंड आहे. दिवाळी ऑक्टोबरात असो की नोव्हेंबरात, अंकाचं साहित्य जुलै-ऑगस्टपर्यंत ठरत आलेलं असतं. गणपतीत आठवण झाली तर पुढच्या वर्षीचं बघा.

लहान, अनियमित निघणाऱ्या अंकांना कमी लेखू नका. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे दोस्त 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाईल करून काढत होते. म्हणजे त्या काळचं सगळ्यात स्वस्त तंत्रज्ञान. आज त्याची जागा फोननं घेतलीय एवढंच. आणि हे वारणेत सांगायची गरजही नाही. १९९८ मध्ये इथल्या सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून कॉम्प्युटर आले, उसाचा आणि खताचा हिशोब त्यावर व्हायचा. दहा वर्षांच्या आतच काही गावांत तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून बघितलं गेलं. कॉम्प्युटर नाही म्हणून अडून राहायचं नाही, हे आपण तेव्हाच शिकलोय.

पुस्तकाएवढं लेखन जमलं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. पैसे देऊन पुस्तक छापण्याआधी तिची जाहिरात कधी निघते ते बघा. पुस्तक झाल्यावर, वय ३५ च्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे, ५०,००० रुपयांचा. २०२४ मध्ये तो मराठीत देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला मिळाला. तुळजापूरचा, शिवणकाम करणारा लेखक, आणि कादंबरीही शिंप्याच्या आयुष्यावर.

एआयचं काय?

पोरं विचारतातच. २०२३ च्या फेब्रुवारीत 'क्लार्क्सवर्ल्ड' या नामांकित अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला कथा स्वीकारणंच काही काळ बंद करावं लागलं, कारण एका महिन्यात एआयनं लिहिलेल्या शेकडो कथा येऊन पडल्या. त्याचा फटका खऱ्या लिहिणाऱ्यांना बसला. मी शुद्धलेखन तपासायलाही ते वापरत नाही. 'न्हाई'चं 'नाही' करण्यात ते ऑटोकरेक्टच्या दोन पावलं पुढं आहे.

पाठवल्यानंतर

पूर्वी रचनेसोबत आपला पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा ठेवायची पद्धत होती, म्हणजे 'साभार परत' तरी यायचं. ईमेलमध्ये ते गेलं. आता नकार बहुतेक वेळा येतच नाही, नुसती शांतता असते. म्हणून गुगल शीटमध्ये एक साधा तक्ता करा. रचना, कुठं पाठवली, कोणत्या तारखेला, आठवण कधी करायची, उत्तर काय आलं. तीन महिने थांबा आणि एकदाच आठवण करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिका बघून रात्री अकराला "सर, कविता वाचली का?" असं विचारू नका.

आठवणीनंतरही महिनाभर उत्तर नसेल तर मोकळं व्हायचं, पण कळवून: "आपल्याकडे अमुक तारखेला पाठवलेली कविता मी विचारातून मागे घेत आहे. तसदीबद्दल क्षमस्व." हा ईमेल गेल्याशिवाय ती दुसरीकडे पाठवायची नाही.

संपादकानं बदल सुचवले तर तो नकार समजू नका. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं, पण राम पटवर्धनांसारखे तिथले संपादक लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावायचे, हे जुने लेखक अजून सांगतात. मला 'काटा'बद्दल फोनवर जे दोन पानांचं सांगितलं गेलं, ते मी लिहून ठेवलं होतं. त्यातून दुसरी, नवीच कथा झाली, गव्हाणीवर काम करणाऱ्या पोराची. ती अ‍ॅपवर टाकलेली नाही, कुणाच्या ग्रुपवर नाही. पाठवून सात आठवडे झालेत. तक्त्यात आठवणीची तारीख लिहिलीय, अजून पाच आठवडे आहेत.